मालकाचा प्रश्न
पेट्रोलचा वास आला की मला नांदुऱ्याची ती दुपार आठवते. दुसरी मोठी लढाई संपली आणि मी व माझा दोस्त, दोघे हवाईदलातून सुटलो. तो वैमानिक, त्याच्या मागच्या बंदुकीवर मी. ब्रह्मदेशात इंजिन पेटलेले असताना त्याने मला जिवंत खाली आणले होते. इकडे मी नांदुऱ्याहून बुलढाण्याची प्रवासी मोटार चालवू लागलो, तो मात्र मोताळ्याजवळच्या गावी रिकामाच बसून होता. ड्रायव्हरची एक जागा निघाली म्हणून मीच त्याला नांदुऱ्यात मोटारीच्या मालकाकडे नेले. कापसाच्या गाड्यांची धूळ उडत होती. तापलेल्या बॉनेटवर त्याने हात ठेवला, तो थरथरत होता. मालकाने ते पाहिले आणि मला विचारले, "यानं मोटार चालवली तं घाटात तू याच्या बाजूले बसशीन काय?" मला हो म्हणता आले नाही. "राहू दे बे," दोस्त मला हळूच म्हणाला, "मीबी नसतो बसलो." आणि पायीच निघाला. आठवड्याभरात तो घर सोडून गेला, तो परतलाच नाही. पुढे कित्येक वर्षे त्याची आई बाजाराच्या दिवशी मोटारीपाशी येऊन विचारायची, "तुहा दोस्त दिसला काय रे कुठी?" मी "नाही" म्हणून इंजिन सुरू करायचो. आता तीही गेली. त्या दुपारचे मी तिला कधीच सांगितले नाही.