डावखुरा दफेदार

माझा भाऊ पोलो खेळतो, असं मी लग्नानंतर सांगलीत सासरी सांगितलं तेव्हा माझ्या मोठ्या जावेला ऐकू आलं ‘पोलीस’. तिनं विचारलं, कुठल्या ठाण्याला असतात? मग मी तिला सांगितलं की घोड्यावर बसून लांब काठीनं चेंडू मारायचा एक खेळ असतो, फौजेत खेळतात, माझा दादा त्यात नावाजलेला आहे. तिनं जरा विचार केला आणि विचारलं, मग नोकरी कुठली करतात? तिच्या प्रश्नात काही चूक नव्हती. पण त्याच उन्हाळ्यात दादाला खेळ हीच नोकरी म्हणून मिळायची होती, परदेशात, आणि माझ्या लग्नापायी तो गेला नव्हता. ते मी जावेला सांगितलं नाही.

आमचं गाव कोरेगावच्या पलीकडं. ऊस थोडा, जिराईत जास्त, आणि घरटी एक माणूस फौजेत. वडील, म्हणजे आमचे आबा, पायदळातून सुभेदार होऊन आले होते. दादाही पायदळातच जायचा, पण त्या भरतीला घोड्यांच्या रिसाल्याचे साहेब आले होते. त्यांनी काटक, हलक्या अंगाची पोरं निवडली, त्यात दादा गेला. फौजेत सगळीकडं रणगाडे आले तरी हा रिसाला खऱ्या घोड्यांचा राहिला होता, आणि तिथं पोलो म्हणजे कवायतीइतकंच महत्त्वाचं काम होतं.

दादा डावखुरा. जेवायला तेवढा आईनं त्याला उजवा हात लावला, तोही लहानपणी डावा हात फडक्यानं बांधून. बाकी विटी-दांडू, गोफण, सगळं डाव्यानं. विळ्याचे दाते उजव्या हाताच्या माणसासाठी पाडलेले असतात, म्हणून आबांनी लोहाराकडून त्याच्यासाठी उलट्या दात्यांचा विळा करून घेतला होता. आईला ते आवडलं नव्हतं. मोडायची खोड तुम्ही वाढवताय, असं ती आबांना म्हणायची. रिसाल्यातल्या उस्तादानंही आधी काठी त्याच्या उजव्या हातात दिली, पण थोड्याच दिवसांत कंटाळून म्हणाला, घे बाबा तुझ्या हातानं. तिथून दादाचा खेळ बहरला. डाव्या हाताचा गडी समोरून आला की समोरच्याचा अंदाजच चुकायचा.

पोलोत खेळाडूची पत गोलांवर ठरते. नवखा शून्याचा, नाहीतर त्याच्याही खालचा, आणि जगात सगळ्यांत वरचे ते दहा गोलांचे. असे दहा गोलवाले बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले बहुतेक अर्जेंटिनातले. आपल्या देशात पाच-सहा गोलांचा म्हणजे फार मोठा खेळाडू. दादा चार गोलांपर्यंत पोहोचला होता. संघातले बाकीचे बडे अधिकारी नाहीतर राजघराण्यातले, आणि हा शेतकऱ्याचा पोरगा, नुसता दफेदार, म्हणजे पायदळातल्या हवालदाराएवढा.

रजेवर आला की संध्याकाळी आमच्या ओट्यावर माणसं जमायची. दादा स्वतःबद्दल कमी बोलायचा. सांगायचा ते पोटासाठी खेळणाऱ्या त्या परदेशी खेळाडूंबद्दल. दिल्लीला, जयपूरला येणाऱ्या पाहुण्यांकडून त्यानं ते ऐकलेलं असायचं. अर्जेंटिनात नजर पोहोचणार नाही एवढी कुरणं. पोरगं चालायला लागलं की घोड्यावर. एकेका घरातले भाऊ-चुलतभाऊ मिळून एक संघ. मोठे झाले की ते उन्हाळ्याच्या मागं मागं फिरतात. आपल्याकडं वैशाख असतो तेव्हा ते इंग्लंडात, दिवाळी झाली की परत आपल्या मुलखात, मधले काही महिने अमेरिकेत. खेळाच्या एका डावाला चक्कर म्हणतात, ते सात-साडेसात मिनिटांचं, आणि दर चक्कराला खाली ताजी घोडी लागते. घोड्याही त्यांच्याबरोबर बोटीनं, विमानानं जातात. त्यांना ठेवणारा मालक कुणी कारखानदार असतो. तीन खेळाडू तो पदरी ठेवतो आणि चौथा म्हणून स्वतः खेळतो.

गावातला एक म्हातारा पैलवान हे ऐकून हसायला लागला. म्हणाला, ‘‘राजा पैलवान पाळतो ते ठावं हाय. पर राजा सोता लांग घालून आखाड्यात उतरतो व्हय रं?’’

‘‘उतरतो की,’’ दादा म्हणाला. ‘‘आन् त्याच्या हातनं एखादा गोल हुईल असं बघायचं, ते बी ह्यांचंच काम.’’

मी आतून ऐकत असायची. त्याच्या आवाजात एक ओढ असायची. ती थट्टेनं झाकली जायची नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या त्या हिवाळ्यात दिल्लीला परदेशी पाहुण्यांचा एक संघ खेळायला आला. त्यांच्या मालकानं दादाचा खेळ पाहिला आणि दादाच्या साहेबांकडं मागणीच घातली. हा गडी मला द्या, वैशाखापासून चार महिने इंग्लंडात खेळू दे, जमला तर पुढं माझ्या घोड्यांबरोबर अर्जेंटिनालाही येऊ दे. दादाची फौजेतली मुदत संपतच आली होती. साहेबांनी आनंदानं होकार दिला. दादा हे सांगायला घरी आला तेव्हा आबा अंथरुणाला खिळले होते. त्यांनी ते ऐकलं, दादाचा डावा हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवला. पौषात आबा गेले.

माझं लग्न आबा असतानाच सांगलीला ठरलेलं होतं. मुलगा हळदीच्या पेठेत अडतीवर कामाला. आमच्याकडची रीत अशी की घरात बाप गेला तर ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. सासरची माणसं थांबायला तयार नव्हती, आईलाही घोर लागलेला. तिथी धरली वैशाखातली. इंग्लंडातला पोलोचा हंगामही वैशाखातच उभा राहतो.

मामानं दादाला बसवून समजावलं. कन्यादान आम्ही नवरा-बायको करतो, पाहुण्यांचं मी बघतो, तू जा, असं त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. मीही चुलीपुढून उठून आले आणि म्हटलं, ‘‘दादा, तू जा. माझं लगीन काय तुझ्यावाचून अडत न्हाई.’’

दादा म्हणाला, ‘‘आबा न्हाईत, आन् मी बी न्हाई, असं लगीन करायचं व्हय? पुढल्या साली जातो की. इंग्लंड काय पळून जातंय?’’

त्याच्या साहेबांनी वर्षाची मुदतवाढ मिळवून दिली, मालकानंही पुढच्या वर्षी चालेल असा निरोप पाठवला. त्यामुळं कुणाला वावगं वाटलं नाही. लग्न साधंच झालं. विहिरींनी तळ गाठले होते, पंगतीला रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी होत्या. लांबच्या विहिरीवरून बैलगाडीनं पाण्याची पिंपं आणण्याचं काम दादानं दुसऱ्या कुणाला दिलं नाही. वऱ्हाडाची लॉरी निघाली तेव्हा तो गाडीवरच्या रिकाम्या पिंपांना दोरी आवळत होता. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी, होळीच्या आधी, दादा अचानक सांगलीला आमच्या घरी आला. माझे यजमान पेठेत गेले होते. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग त्यानं सरळ सांगितलं की इंग्लंडचं रद्द झालं. तिकडच्या मंडळींनी ठरवलं होतं की आता पोलोची काठी फक्त उजव्या हातात धरायची. आधीपासून डाव्यानं खेळणारे जे त्यांच्याकडं नोंदलेले होते त्यांना सूट, नव्या डावखुऱ्याला दार बंद. आपल्याकडंही तोच नियम येणार होता.

मी म्हटलं, ‘‘म्हंजे गेल्या साली गेला असतास तर…’’

‘‘तर नोंदलो असतो,’’ तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडं बघून घाईनं म्हणाला, ‘‘नियम बरोबर हाय, बाय. मला बी तसंच वाटतं.’’

त्यानं जमिनीवर बोटानं रेघ ओढून मला दाखवलं. दोन घोड्या समोरासमोर भरधाव येतात तेव्हा दोघांनीही चेंडू आपल्या उजवीकडं ठेवायचा, म्हणजे घोड्या एकमेकींना चाटून निघून जातात. डावखुरा चेंडू आपल्या डावीकडं घेतो, म्हणजे तो नेमका समोरच्याच्या वाटेत येतो. घोड्या एकमेकींवर आदळतात, माणसं मरतात. एकदा तो स्वतःच असा थोडक्यात वाचला होता. मला सगळं समजलं. पण त्यानं इतकं नीट समजावून सांगायला नको होतं, असंही वाटलं. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

मालकानं मात्र त्याला सोडलं नव्हतं. उजव्या हातानं तीन गोलांचा जरी खेळलास तरी घेतो, असं तो म्हणाला होता. रिसाल्यात सरावासाठी लाकडी घोडा असतो. त्यावर बसून दादा रोज तासन् तास उजव्या हातानं मारत राहिला. उन्हाळ्यात रजेवर आला तेव्हा काठी बरोबर घेऊन आला. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते. शेजारच्या गावात एकाची वरातीची पांढरी घोडी होती, ती त्यानं काही दिवस मागून आणली. वळीव एकदा पडून गेला होता, नांगरट अजून व्हायची होती. सकाळी तो रानात घोडी पळवायचा आणि बांबूच्या मुळाचा पांढरा चेंडू उजव्या हातानं मारायचा.

एक दिवस मी आईबरोबर बांधावर जाऊन बसले. घोड्यावर तो फार सुंदर बसायचा, ते मलाही कळत होतं. पण हात खाली आला की सगळं बिघडायचं. पाच-सहा वेळा काठी चेंडूच्या वरून गेली. मग त्यानं घोडी जोरात काढली, वाकला, आणि काठी चेंडूला न लागता घोडीच्या पुढच्या पायाला लागली. तो आवाज आम्हाला बांधावर ऐकू आला. घोडी थांबली आणि पाय वर धरून तीन पायांवर उभी राहिली.

दादा उतरला. मातीत बसून त्यानं तो पाय मांडीवर घेतला, वरपासून खालपर्यंत चाचपला. हाड शाबूत होतं. मी घरी जाऊन हळद आणि तुरटीचा गरम लेप करून आणला, तो त्यानं लावला, वर फडकं बांधलं. घोडी बरी झाल्यावर तिला चालवत नेऊन पोचवून आला. त्या दिवसानंतर त्यानं काठी हातात धरली नाही. आईनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, ‘‘जनावराला लागलं. झालं.’’

आमच्या घरातलं कुणीही दादाचा सामना पाहायला कधी दिल्लीला गेलं नव्हतं. आबाही नाही. मी त्याला खेळताना पाहिलं ते एवढंच, बांधावरून, आणि तेही जो त्याचा नव्हता त्या हातानं. याची चुटपुट मला आजही आहे.

तो पेन्शनवर घरी आला आणि शेती बघायला लागला. मालकानं दादाच्या जागी रिसाल्यातला दुसरा एक जवान नेला. तो कवठे महांकाळकडचा, वयानं लहान, त्याला दादानंच शिकवलं होतं. दोन वर्षांनी भाऊबीजेला मी माहेरी असताना तो दादाच्या पाया पडायला आला. अंगात परदेशी कोट, बोलण्यात मधूनच इंग्रजी शब्द, पण दादासमोर तो खाली घोंगडीवरच बसला. त्यानं पुष्कळ सांगितलं. तो इंग्लंडात खेळला होता, अर्जेंटिनाची ती कुरणं पाहून आला होता. एका सामन्यात दहा गोलांच्या खेळाडूसमोर खेळला होता.

दादानं त्याला इंग्लंडचं काही विचारलं नाही. फक्त तो दहा गोलांचा माणूस काठी कशी फिरवतो ते दाखवायला सांगितलं. त्यानं उठून झाडूच्या मुठीनं करून दाखवलं. दादा म्हणाला, मनगट इतक्या लवकर वळतं का? तो म्हणाला, त्याहून लवकर. दादानं पुन्हा दाखवायला लावलं, पुन्हा एकदा.

निघताना तो जवान म्हणाला, ‘‘उस्ताद, मालक अजून इचारतो, तो डावखुरा कुठं हाय म्हणून.’’

‘‘ऊस लावलाय म्हणून सांग,’’ दादा म्हणाला आणि हसला. आई उठून आत गेली.

त्या जवानाचंही फार दिवस चाललं नाही. पुढच्या एका हंगामात घोडीसकट पडून त्याचा खांदा निखळला, मालकानं दुसरा गडी शोधला आणि तो गावी परत आला. गावातले लोक दादाला म्हणायचे, बघा, सुटलात तुम्ही. ते ऐकलं की दादा उठून गोठ्याकडं जायचा.

सत्तरचं दशक संपता संपता एकदा तो सांगलीला कसल्याशा कामासाठी आला होता. परत जाताना मी त्याला सोडायला एस.टी. स्टँडवर गेले. गाडीला वेळ होता, आम्ही बाकड्यावर बसलो. कितीतरी वर्षं मनात होतं ते मी विचारलं. माझ्या लग्नापायी हे सगळं झालं, तुला कधी राग येत नाही का?

त्यानं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, ‘‘तुझ्या लग्नाचं मला काय न्हाई. इंग्लंडचं बी न्हाई. त्या दहा गोलवाल्याफुडं एकदा उभं ऱ्हायचं हुतं. हारलोच असतो, लय हारलो असतो. पर किती, ते कळलं असतं.’’

 तेवढ्यात फलाटाला गाडी लागली आणि माणसं दाराशी लोटली. दादा पिशवी घेऊन उठला, गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभा राहिला आणि शेवटी चढला. अगदी मागं खिडकीशी एक जागा उरली होती. आतून त्यानं विचारलं, पोराचा खोकला थांबला का? मी म्हटलं, थांबला. औषध पुरं दे, मधेच सोडू नको, असं तो सांगत होता तोवर गाडी मागं सरकायला लागली.