अड्ड्यावरचं नाव

“तुला धाडलं कुनी?”

हा तिचा रामराम. समोरचा माणूस हसो, हात जोडो, नाहीतर नुसता वेळ विचारो, ती आधी त्याच्या खांद्यावरून मागे बघायची. मागे गाडी उभी आहे का, कोणी इशारा करतंय का, हे नीट न्याहाळून झालं की मग त्या माणसाकडे नजर, आणि मग हा प्रश्न. तिच्यापुढे देव उभा राहिला असता तर त्यालाही तिने तेच विचारलं असतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

नारायणगावातून सकाळी गेला असाल तर मजुरांचा अड्डा तुम्हीही पाहिला असेल. डोंगराकडून आलेली माणसं घोळक्याने रस्त्याकडेला उभी असतात. हातात भाकरीचं गाठोडं, खुरपं. बागायतदारांच्या पिकअप येतात, आतूनच विचारणा होते, भाव ठरतो, माणसं चढतात. ज्यांना कोणी नेलं नाही ती ऊन चढेपर्यंत थांबून आपापल्या पालावर परत जातात. उद्याचं उद्या. पुण्यातल्या एका संस्थेसाठी मी या कामाचा अभ्यास करत होते: कामाची शाश्वती किती, मालकाशी नातं कसलं, इजा झाली तर कोण बघतं. अड्ड्यावरच्या बायका मला ‘इचारनारी बाई’ म्हणायच्या.

तळेघरच्या बाजूच्या बायकांची एक टोळी होती, तिची ही म्होरकी. साठीची असेल. काटक, काळीसावळी, पाठ कायम भिंतीला. मोकळ्या रस्त्यात ती उभीच राहत नसे.

“मावशी, गाव कुठलं?”

“लांब हाय.”

“घरात माणसं किती?”

“मावत्याल तेवढी.”

“नाव तरी सांगा.”

“नाव घिऊन काय लगीन लावतीस का माझं?”

बाकीच्या बायका खिदळल्या. मी मुळातली तापट, माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पण पोटासाठी हसावं लागतं. मी दोन कप चहा आणला. तिने दोन्ही कपांकडे पाहिलं, तिच्यासाठीचा मला दिला, माझा स्वतः घेतला, आणि मी पहिला घोट घेईपर्यंत थांबून राहिली. “रागवू नगं बाई,” म्हणाली, “च्या पाजनारं मानूस लई ग्वाड असतं.”

एक मात्र सांगते, मालकांशी बोलताना तिला बघणं ही करमणूक होती. पिकअप थांबली की ती पुढे जाऊन बॉनेटवर तळवा ठेवायची. तो हात उचलल्याशिवाय एकही बाई गाडीत चढायची नाही. मग हिची चौकशी सुरू. मळा कुणाचा, कुठल्या रस्त्याला, औषध मारलंय का, पाणी कुठलं पाजणार, घरी आई आहे का, ती मळ्यात असते का. घाईला आलेले मालक वैतागायचे. “मावशे, काम करायला येतीस का सोयरीक जमवायला?” ती ढिम्म. “म्हातारी असली तर बरं असतं राव. बाया बाया बगून घेतोत.”

आता मनातलं सांगते. मला तिचा संशय यायचा. मालक तिला बाजूला घेऊन बोलतात, ती बायकांना गाडीत घालते, हिशोब कधीच उघड होत नाही. असे मुकादम मी ढिगाने पाहिले होते. इथे पाणी मुरतंय, असं माझ्या मनाने घेतलं. तुम्हीही असता तर तेच म्हणाला असतात.

पावसाळ्यात टोळी भातलावणीला गावी गेली, तेव्हा मी घोडेगावला त्यांचीच तळेघरची एसटी धरली आणि गुपचूप मागच्या बाकावर बसले. एसटीतून उतरून पायवाटेला लागतो न लागतो तोच ती मागे वळली.

“मागं काय येतीस? फुडं हो. माझ्या मागं कुनी चाललेलं मला नाय चालत.”

“मला वाट माहीत नाही मावशी.”

“म्या सांगती की. तू चाल.”

आणि तिने मला खरोखर पुढे घातलं. चिखल, खाचरांचे बांध, मी घसरतेय, आणि मागून हुकूम: “डावीकडं. त्या दगडावर पाय नगं दिऊ. आता सरळ.” वाडी येईपर्यंत माझी चप्पल तुटली आणि तिचा राग निवळला. तिने मला नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण वाढलं. या खेपेला ताटांची अदलाबदल झाली नाही. मला तेवढ्यानेही भरून आलं.

जेवताना बाहेरून कोणीतरी “ठकू, ए ठकू!” अशी हाक मारली, आणि तिला ओ देत आत आली ती अड्ड्यावरची मंगल. टोळीतली सगळ्यात लहान, नुकतीच लग्न झालेली, हसरी पोर. मी चक्रावले. मग उलगडा झाला. टोळीतल्या एकाही बाईने अड्ड्यावर कधी खरं नाव सांगितलं नव्हतं. मालकांना नाही, मला नाही, कुणालाच नाही. घरचं नाव वेगळं, अड्ड्यावरचं वेगळं, आणि ही नावं ठेवणारी ही म्हातारी. कर्म माझं! मी महिनोन्‌महिने ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्या बायका जगात नव्हत्याच.

मी चिडले, तर ती पहिल्यांदा मोकळी हसली. मग म्हणाली,

“माझ्या आयचं नाव एक मुकादम लिवून घिऊन गेल्ता. मंग त्येच नाव घिऊन दारात आला, म्हनला उचल घेतलीय हिनं. आयला इटभट्टीवर न्हेली. तिथंच ग्येली ती. बाईचं नाव कुनाच्या हाती लागू दिऊ नये, एवडं कळलं मला.”

मी नुसती भाकरी खात राहिले.

पाऊस सरला, टोळी परत आली, द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली. छाटणीनंतर काड्या लवकर फुटाव्यात म्हणून त्यांना औषध लावतात. बायका हातमोज्यांविनाच, डोक्याच्या वरच्या काडीला फडक्याने ते फासत जातात. औषध जहाल. एका बागेत मंगलच्या, म्हणजे ठकूच्या डोळ्यात ते ठिबकलं. मालकाने पिकअपमधून तिला अड्ड्यावर आणून सोडलं आणि “पाण्यानं धू, बरं वाटंल” म्हणून निघून गेला. मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यावरची पापणी उचलली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. म्हातारी बाहेर उकिडवी बसली होती. “तिच्या आयला म्या शब्द दिल्ता,” एवढंच तिच्या तोंडून परत परत निघत होतं.

आमच्या संस्थेने कामगार खात्याकडे तक्रार केली, आधारवरच्या नावाने, ठकूबाई म्हणून. मालक शांतपणे म्हणाला, “ताई, ह्या नावाची बाई आपल्या बागंत कधी आलीच नाय. देवाशपथ.” आणि राव, तो खोटं बोलत नव्हता! त्याच्या बागेत मंगल आली होती. मंगल गावाला गेली, ठणठणीत आहे, असं तो सांगत होता. टोळीतल्या बायकांनी तोंडाला कुलूप लावलं, “आमाला काय म्हाईत नाय.” त्यांचंही चूक नाही, बोलणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी कोण गाडीत घेणार? मंगल आणि ठकू एकच, हे त्या मालकासमोर सांगू शकेल अशी एकच व्यक्ती उरली होती, आणि तिचा विश्वास कुणावरच नव्हता.

खात्याचे साहेब बागेवर चौकशीला येणार असं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी मी अड्ड्यावर पाहिलं ते असं: मालकाची गाडी उभी, मालक म्हातारीशी बाजूला बोलतोय, आणि म्हातारी मान डोलावतेय. नंतर टोळीतल्या एकीकडून कळलं की त्याने वर्षभराचं काम देऊ केलं होतं, अख्ख्या टोळीला. रोज रस्त्याकडेला उभं राहायचं संपलं. बदल्यात फक्त एवढंच म्हणायचं, मंगल बरी आहे.

वर्षभराचं काम! अड्ड्यावरच्या बाईला याचा अर्थ काय, हे मला विचारा. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि दुसऱ्या दिवशी ती आली मालकाच्याच गाडीतून. पुढच्या सीटवर, त्याच्या शेजारी, काचेतून समोर बघत. मी ठकूला घेऊन फाटकाशी उभी होते. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या तोंडात आलेली शिवी इथे लिहिण्यासारखी नाही. विकली गेली म्हातारी, असं मी ठकूसमोरच म्हटलं. ठकू डोळ्यावरची पट्टी सारखी करत राहिली.

मालकाने फाटकाचं कुलूप काढलं, साहेबांच्या मागोमाग आम्हीही आत गेलो. शेडमध्ये साहेब खुर्चीवर बसले. मालक म्हणाला, “ही टोळीची मावशी. हिला सगळं म्हाईत हाय.”

“तुम्ही कोण?” साहेबांनी विचारलं.

ती उठली. भिंत सोडून पार मध्यावर येऊन उभी राहिली. आणि तिने नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनावासकट, मग वाडी, मग गाव, मग तालुका. ठणठणीत आवाजात, सगळ्यांसमोर. मला ते तोवर माहीत नव्हतं. ते मी इथे लिहीत नाही, आणि कुणी विचारलं तरी सांगणार नाही.

“लिवा सायेब. नीट लिवा,” ती म्हणाली. “ही ठकू. हिचं मंगल नाव म्या ठिवलं, अड्ड्यापुरतं. चूक माझी हाय, आन्‌ डोळा हिचा ग्येला.”

मालक ताडकन उठला. “मावशे, काय बोलतीस? काल काय ठरलं?”

“काल तू बोललास. म्या ऐकलं.” ती साहेबांकडे वळली. “इहिरीच्या मोटारीपाशी डोळा धुतला हिचा. ह्येची आय तांब्या घिऊन आल्ती. तिला इचारा.”

मालकाची म्हातारी आई शेडच्या दाराशी बसली होती. तिने मुलाकडे पाहिलं, ठकूच्या पट्टीकडे पाहिलं.

“व्हय,” ती हळूच म्हणाली. “म्याच धुतला पोरीचा डोळा. लई आरडत व्हती.”

मग पुढे लिहायला काही उरलंच नाही. मालकाला सगळं मान्य करावं लागलं. भरपाई मिळाली, ठकूवर पुण्यात उपचार झाले. डोळा मात्र वाचला नाही. उजेड-अंधार तेवढा कळतो.

परतताना मी तिला विचारलं, “त्याच्या गाडीतून का आलात? माझा जीव गेला ना मावशी!”

“फाटकाला कुलूप व्हतं बाई. तुमची तक्रार व्हती म्हून तुमाला अडवता आलं नाय. तुज्यासंगं आले असते तर मला आत घेतली असती व्हय त्यानं?” आणि मग जरा दमून म्हणाली, “तुला बी नव्हतं सांगायचं. तुजं त्वांड लगीच दिसतं.”

मी रस्त्यातच तिच्या गळ्यात पडले. ती अवघडून उभी राहिली, मग पाठीवर एक थाप मारली.

अड्ड्यावर बातमी पसरायला वेळ लागत नाही. पिकअप यायच्या आणि मालक म्हणायचे, “ती म्हातारी सोडून बाकीच्या चला.” बायका खाली मान घालून उभ्या राहायच्या. तीच खेकसायची, “जावा की गं! बगताय काय?” मला असं वाटलं होतं की आता ती गावी जाईल. गेली नाही. काम मिळणार नाही हे पक्कं ठाऊक असूनही ती पहाटे पालावरून बायकांबरोबर यायची, तिला नाकारणाऱ्या गाडीच्या बॉनेटवर तळवा टेकवून औषध, पाणी, आई सगळं विचारायची, आणि बायका गेल्या की एकटी परत जायची. आणि गंमत म्हणजे मालक उत्तरं द्यायचे. शिव्या घालत, पण द्यायचे. हातमोजे आहेत का, हा प्रश्न तिने नव्याने वाढवला होता.

गेल्या पावसाळ्यात टोळी लावणीला गेली आणि छाटणीच्या वेळी परत आली. ती नव्हती.

मी विचारलं. एक म्हणाली, लेकीकडं गेलीय. दुसरी म्हणाली, गुडघं धरल्यात तिचं. तिसरी म्हणाली, नाचणीची कापणी उरकून येईल मागनं. तिघींपैकी एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. पिकअप आली, भाव ठरला, त्या भराभर चढल्या. सगळ्यात मागे ठकू बसली होती. गाडी हलली तेव्हा तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला होता, आणि धडक्या डोळ्याइतकंच पाणी गेलेल्या डोळ्यातूनही वाहत होतं.