मातीत सांडलेला कठडा

"पाय मागं घे!"

मी तालमीच्या दारातूनच ओरडलो. माझी मुलगी कुस्तीच्या हौद्याच्या कडेला उभी होती. मातीला हात लावून तो कपाळाला लावून झाला होता आणि उजवा पाय आत टाकायला तिनं उचलला होता. तो तसाच हवेत राहिला. तिनं माझ्याकडं वळून असं बघितलं, की मी ते अजून विसरलेलो नाही. तिला वाटलं, बापाचं परत सुरू झालं.

तसं वाटण्यात तिचं काही चुकलं नाही. तिनं कुस्ती धरली तेव्हा आमच्या घरात पुष्कळ आदळआपट झाली होती आणि ती सगळी मी एकट्यानं केली होती. पेठेतल्या या तालमीत तोवर पोरीनं पाऊल टाकलं नव्हतं. वस्तादांनी तिला घेतलं तेव्हा चारचौघांनी नाकं मुरडली. वस्ताद त्यांना एवढंच म्हणाले, "पोरगी उतरली तर माती कडू व्हती व्हय?" त्यानंतर कुणी बोललं नाही. मीही नाही. सत्तरी कधीच ओलांडलेल्या त्या माणसाच्या आवाजापुढं आमच्या पेठेत फारसं कुणी बोलत नाही.

पण त्या सकाळी मी ओरडलो त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते मातीत होतं.

आमची तालीम दगडी आहे, दुमजली. मध्ये लाल मातीचा हौदा आणि वर तिन्ही बाजूंनी सज्जा. सज्ज्याला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा कठडा, प्रत्येक खांबाच्या टोकाला ओतीव गदा. हा कठडा मांडी घालून बसणाऱ्या माणसांच्या मापाचा, म्हणजे उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर. आता मांडी कोण घालतंय? माणसं उभी राहतात, वाकतात, मोबाइल पुढं करून लोंबकळतात. आदल्या हंगामात एकजण कुस्तीचं शूटिंग घेता घेता वरून खाली आला. खाली माती होती म्हणून खुब्यावर निभावलं, नाहीतर तिथंच आटोपलं असतं. त्यानंतर कठडा बदलायचं ठरलं. इमारत वारसा यादीतली, त्यामुळं 'बदलायचं' म्हणजे नेमकं किती यावर समितीच्या बैठकांमागून बैठका झाल्या. शेवटी तोडगा निघाला. गदांचे जुने खांब ठेवायचे, गंजून खलास झालेले त्यांचे पाय कापून नवे जोडायचे आणि वर छातीपर्यंत येईल असा बारीक गजाचा दुसरा कठडा उभा करायचा. काम माझ्याकडं आलं. माझं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, आणि माझी पोर त्याच तालमीत. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

बीड वाकत नाही, तडकतं. ग्राइंडर लावला की त्याच्या कपच्या काचेसारख्या उडतात, आणि खाली ती माती, जिच्यात पैलवान उघड्या अंगानं पडतात. म्हणून मी आधी सगळ्या हौद्यावर ताडपत्री अंथरली. सगळे पाय कापून झाले. ताडपत्रीवर कपच्यांचा आणि किसाचा सडा पडला होता. तो तिथल्या तिथं गोळा करून मगच निघायचं असं ठरवलेलं, पण ऐन संध्याकाळी वीज गेली. अंधारात झाडलोट करायची म्हणजे एक उचलायचं आणि दोन सांडायचं. मी वस्तादांना म्हणालो, "सकाळी मी येऊन उचलतो. तवर कुणाला आत सोडू नका." वस्तादांनी मान डोलावली.

सकाळी आलो तर ताडपत्री कोपऱ्यात होती. छान चौकोनी घडी घातलेली. हौदा ताजा खणलेला, माती लोण्यासारखी मऊ, कडेला उदबत्ती. आणि माझी मुलगी पाय उचलून उभी.

ती मागं सरली. मी वस्तादांकडं गेलो. ते खोरं पुसत बसले होते.

"वस्ताद, ताडपत्री कुणी काढली?"

"मी. दुसरं कोण?"

"तिच्यावरचा कीस कुठाय?"

"झाडली की."

"कुठं झाडलीसा?"

त्यांनी हनुवटीनं हौद्याकडं दाखवलं आणि दाखवता दाखवताच त्यांच्या लक्षात आलं. मला ते दिसलं. पण वस्ताद माणूस, चूक कळली म्हणून आवाज थोडाच खाली येणार? तो उलट चढला.

"मातीवर कापड टाकून गेलास तू! मढं हाय काय ती? उद्या कुस्त्यांचं मैदान, आन् आज माती झाकून, न खणता ठिवायची? सुतक लागलंय व्हय तालमीला?"

आमच्याकडं हौदा रोज खणतात. पाऊस असो, सण असो, पहाटे माती वरखाली व्हायलाच पाहिजे. ती न खणलेली राहते ती फक्त सुतकात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. वस्तादांना मी 'कुणाला आत सोडू नका' म्हणालो, त्यांनी कुणाला सोडलं नाही, स्वतः उतरले. अंधारात, म्हाताऱ्या डोळ्यांनी, एकट्यानं सगळा हौदा खणला. वरचं सगळं बीड त्यांनी इमानानं खाली कालवलं होतं.

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "ही माती काढून टाका. ट्रॅक्टर बोलावतो, दुपारपर्यंत नवी आणतो."

"मातीला हात लावशील तर बघ," वस्ताद म्हणाले. "माझ्या वस्तादाच्या वस्तादाचा घाम हाय तिच्यात. नवी मिसळत्यात, जुनी टाकत न्हाईत. उंबऱ्याभाईर एक ढेकूळ जाणार न्हाय."

"मग उद्याचं मैदान रद्द करा."

नव्या कठड्यानिशी तालीम उघडणार म्हणून चौकात डिजिटल फलक लागला होता आणि त्यावर पहिल्याच कुस्तीला माझ्या मुलीचा फोटो होता. गावासमोरची तिची पहिली कुस्ती. तिनं त्या फलकाखाली उभं राहून आजीला फोन केलेला मी ऐकला होता. ती आता भिंतीला टेकून उभी होती आणि एकदा माझ्याकडं, एकदा वस्तादांकडं बघत होती. मग तिनंच विचारलं, "चाळली तर?"

एवढी माती चाळायची? पण दुसरं काही सुचत नव्हतं. माझ्या ओळखीच्या एका फाउंड्रीतून वाळू चाळायच्या मोठ्या चाळण्या आणल्या आणि भंगार उचलायचं चुंबक आणलं. गाव ओतकामाचं आणि कुस्तीचं, पण या दोन गोष्टी एका छताखाली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. वस्तादांची अट एकच, माती हौद्याबाहेर जायची नाही. म्हणून अर्धा हौदा मोकळा करायचा, उरलेल्या अर्ध्यातली माती चाळून इकडं टाकायची, मग उलट. ही माती तरी साधी कुठं असते? तेल, ताक, हळद, लिंबू जिरवून जिरवून तिचे गोळे होतात. प्रत्येक गोळा हातानं फोडायचा. तालमीतले झाडून सगळे पैलवान लागले. वर माझे कारागीर नवे पाय बोल्टनं आवळत होते, खाली आम्ही माती चाळत होतो. ज्या कठड्यानं वरची माणसं वाचायची, त्याचंच बीड खालच्यांच्या अंगात जाणार होतं, हे मला राहून राहून टोचत होतं.

चाळून झालेल्या मातीतून मी कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवत होतो. पहिल्यांदा कापड काढलं तेव्हा त्याला दाढी आल्यासारखा कीस लटकला होता. त्यात नखाएवढ्या कपच्या होत्या. मुलगी शेजारी बसली होती. तिनं एक कपची उचलून बोटावर टेकवली, नुसती टेकवली, तर रक्ताचा ठिपका आला. तिनं ते बोट मुठीत दडवलं, पण मला दिसायचं ते दिसलं होतं.

दुपारपर्यंत चुंबकाला बरंच लागत होतं. नंतर कमी. नंतर नुसता भुगा. ऊन कलायला लागलं तेव्हा दोनतीनदा चुंबक कोरडं आलं. पोरं म्हणाली, झालं. मी म्हणालो, अजून एकदा. पुन्हा कोरडं. मी म्हणालो, अजून एकदा. पुन्हा कोरडं आल्यावर पोरं चाळण्या आवरायला लागली, आणि मला कळलं की हे असं संपणार नाही. सापडलेलं दिसतं, राहिलेलं दिसत नाही. डोळ्यात जायला एक कपची पुरते.

"पप्पा," मुलगी म्हणाली, "आता बास की."

"माझी पोरगी या मातीत उतरणार नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "उद्याही नाही आणि परवाही नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. ती वळली आणि आपली पिशवी भरायला लागली. टॉवेल, पाण्याची बाटली, आजीनं दिलेली हळदीची पुडी. मला भयंकर वाईट वाटत होतं, पण शब्द परत घ्यायची हिंमत नव्हती. भीती रागापेक्षा वाईट असते, ती ओरडून जात नाही.

वस्ताद दिवसभर कडेला बसून होते. ते उठले. सदरा काढला, धोतराचा काचा मारला, मातीला हात लावून कपाळाला लावला. आम्हाला वाटलं, पूजा करतायत. ते हौद्याच्या कोपऱ्यात गेले, आडवे झाले आणि लोळायला लागले.

कुणालाच काही कळेना. ते भिंतीपासून भिंतीपर्यंत लोळत गेले, पाठीवर, पोटावर, पाठीवर. तिथून एक अंग पुढं सरकून परत. हाडं दिसणारी पाठ, सुरकुतलेलं पोट, गळ्यातला ताईत मातीत. मध्ये थांबून दम खायचे आणि म्हणायचे, "कुणी धरू नगासा." सगळा हौदा ते असा अंगानं पुसत होते. मी सज्ज्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. पिशवी तशीच टाकून मुलगी हौद्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

मधोमध आल्यावर ते एकदम थांबले. उठून बसले. उजव्या खांद्याच्या मागं मातीत एक लाल रेघ ओघळत होती, मातीपेक्षा गडद.

"गावली," वस्ताद म्हणाले. आणि चक्क हसले.

मी धावलो. गव्हाच्या दाण्याएवढी कपची होती, चाळणीतून निसटलेली, चुंबकाला न सापडलेली. पक्कडीनं ओढून काढली. मी म्हणालो, "दवाखान्यात चला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पाहिजे." ते म्हणाले, "जाऊ की. अजून अर्धा हौदा ऱ्हायलाय." मुलीनं आपली हळदीची पुडी फोडून त्यांच्या खांद्यावर दाबली. ते परत आडवे झाले.

मग माझ्यानं बसवेना. मी सदरा काढला. माझं पोट हे पैलवानाचं पोट नाही, ते जेवणाचं आहे, आणि त्या तालमीत उघड्या अंगानं मी कधी उतरलो नव्हतो. पण कुणी हसलं नाही. वस्तादांच्या शेजारी मीही लोळलो, आधी उरलेला अर्धा हौदा आणि मग सगळा पुन्हा एकदा. माती थंड होती आणि तिला ताकाचा आंबूस वास होता. प्रत्येक वळणाला मी अंग चोरत होतो आणि प्रत्येक वळणाला मनात म्हणत होतो, लागायचं तर आता लाग, मला लाग. काही लागलं नाही. शेवटी आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो, आणि पोरांनी टॉर्च मारून आमची अंगं तपासली, जत्रेत बैल तपासतात तशी.

"आता बोल," वस्ताद मला म्हणाले.

मी मुलीला म्हणालो, "पिशवी ठेव."

दुसऱ्या दिवशी सज्जा फुटायचा बाकी होता. नव्या कठड्यावर सगळी पेठ रेलली होती आणि कठडा तसूभर हलला नाही. पण ज्याच्यासाठी एवढं झालं, त्या कठड्याकडं माझं लक्षच नव्हतं. मी त्याला घट्ट धरून खाली मातीकडं बघत होतो. आजऱ्याहून आलेली तिची जोड, म्हणजे समोरची पोरगी, भारी होती. बराच वेळ दोघी एकमेकींभोवती घुमत राहिल्या. मग त्या पोरीनं खाली घुसून, पायांना मिठी मारून पट काढला, माझ्या मुलीला उचललं आणि पाठीवर आपटलं. दोन्ही खांदे मातीत. चीतपट.

सगळा सज्जा 'आरारा' करत असताना मी तिच्या खांद्यांकडं बघत होतो. ती उठली. लाल मातीनं माखलेली, पण रेघ कुठं नाही. माझ्याही नकळत मी टाळ्या वाजवायला लागलो. शेजारचे माझ्याकडं बघायला लागले, पोरगी हरली आणि बाप टाळ्या वाजवतोय. खाली वस्ताद खांद्यावर पट्टी लावून बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते.

मी खाली गेलो. ती रागानं लाल झाली होती.

"पप्पा, मी हरले, आणि तुम्ही हसताय?"

"वळ. खांदे दाखव."

ती वळली. मी हातानं तिच्या खांद्यावरची माती पुसली. खाली नुसतं अंग होतं, अख्खं.

"खांदे काय बघताय," ती म्हणाली, "डाव बघायचा व्हता. माझा हात कुठं सुटला?"

मी बघितलंच नव्हतं.

"चल हिकडं, मी सांगतो," मागून वस्ताद म्हणाले, आणि तिचं मनगट धरून तिला परत मातीत घेऊन गेले.