व्हेनिसच्या विमलचा डबा

व्हेनिसमध्ये माझ्या सिमेंटच्या दुकानाची शाखा निघता निघता राहिली. थोडक्यात सांगायचं तर ती बायकोमुळे राहिली. सविस्तर सांगायचं तर माझ्यामुळेच.

आमचं दुकान बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात. सिमेंट, सळई, नळ, संडासाची भांडी, सगळं एका छताखाली. नव्वदनंतरची वर्षं होती आणि बदलापुरात शेतांमध्ये भातापेक्षा इमारतीच जास्त उगवत होत्या. त्या धामधुमीत एका वर्षी मी इतक्या गोण्या विकल्या, की कंपनीने बक्षीस म्हणून मला जोडीने इटलीची सहल जाहीर केली. (आधी मला वाटलं, इटली म्हणजे इडलीचं मोठं भांडं असेल. मागच्या वर्षी मिक्सर दिला होता.) पत्रासोबत एक फॉर्म होता. त्यावर चार शहरं छापलेली: रोम, मिलान, पिसा आणि व्हेनिस. दिवस नऊ, मुक्काम तीन. चारातली तीन शहरं निवडायची, त्यांना एक-दोन-तीन नंबर द्यायचे आणि फॉर्म पाठवून द्यायचा. एकदा पाठवला की बदल नाही.

माझा एक नंबर ठरलेलाच होता. पिसा! त्या कललेल्या मनोऱ्याखाली हाताची घडी घालून मी उभा, आणि फोटोखाली ठळक अक्षरात, 'आमच्याकडून सिमेंट घेतलं असतं तर ही वेळ आली नसती.' हा फोटो मी मनातल्या मनात गल्ल्याच्या वर टांगूनसुद्धा टाकला होता.

सुनंदाचं मात्र वेगळंच. सुनंदा म्हणजे माझी बायको. (हे नाव माझ्या आईने निवडलं आणि लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मी लिहिलं. तेही 'सुनदा' असं. अनुस्वार भटजींनी दिला.) ती म्हणाली, "अहो, बाकी कुठंही न्या, पण व्हेनिस ठेवा."

तिचं माहेर अंबरनाथचं. वडील एमआयडीसीत फिटर. त्यांच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या कुणा गोऱ्या इंजिनियरने जाताना त्यांना बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला होता. बिस्किटं दोन दिवसांत संपली, डबा राहिला. त्याच्या झाकणावर व्हेनिसचं चित्र होतं. पाण्यातली घरं, काळी लांब होडी, होडीत टोपीवाला नावाडी. सुनंदा लहानपणी त्या झाकणाकडे बघत बघत जेवायची म्हणे. हे सगळं तिने मला सांगितलं आणि मी तिला म्हटलं, आपल्या काडेपेटीवर वाघ आहे म्हणून मी काय जंगलात राहायला जातो का? या विनोदावर मी एकटाच हसलो.

तेवढ्यात बातमी फुटली. आमच्याकडे कुणी परदेशी निघालं, की त्याला लोक माणूस समजत नाहीत, टेम्पो समजतात. पहिल्या आल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या फर्नांडिस टीचर. त्यांची मावशी रोमला नन होती आणि तिने तीस वर्षांत हापूस खाल्लेला नव्हता. टीचर गणिताच्या. त्यांनी वहीत मांडणी करून आणली होती. आंबा निघताना हिरवा घ्यायचा, बॅगेत पेंढ्यात ठेवायचा, म्हणजे पाचव्या दिवशी बरोब्बर पिकेल. पाचवा दिवस म्हणजे दुसरा मुक्काम. तेव्हा रोम दोन नंबरवर. आधी गेलात तर मावशीला आंबट लागेल, नंतर गेलात तर तिला नुसती कोय मिळेल.

दुसरे आले लछूशेठ. उल्हासनगर कॅम्प एकमधले आमचे नळांचे होलसेलवाले, सिंधी माणूस, मनाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा. त्यांच्या पुतण्याचं मिलानला लग्न ठरत होतं आणि मुलीच्या घरी इकडचे पापड पोचायचे होते, तेही अख्खे.

"साईं, मिलान पहला," लछूशेठ म्हणाले. "पापड जितना घूमेगा उतना टूटेगा. और पापड टूटा तो समझो रिश्ता टूटा."

झालं! मिलान एक, रोम दोन. राहिला एकच मुक्काम, आणि शहरं राहिली दोन. पिसात आमचं ओळखीचं कुणी नव्हतं, व्हेनिसमध्येही नव्हतं. पण फॉर्म माझ्या नावावर होता आणि पेनही माझं होतं. मी पिसासमोर पेन्सिलीने तीन लिहिलं (पेनने लिहायची हिंमत झाली नाही) आणि सुनंदाला म्हटलं, हा सगळा व्यवहाराचा प्रश्न आहे. जिथे काम आहे तिथे माणूस जातो. तुझ्या व्हेनिसला आपलं काय काम?

दोन दिवस घरात भांडीसुद्धा वाजली नाहीत. लग्नाला अठरा वर्षं झालेल्या माणसाने तेवढ्यावरून सावध व्हायला हवं होतं. मी मात्र फोटोची फ्रेम कोणत्या रंगाची करायची या विचारात होतो.

तिसऱ्या दिवशी ती माहेरी जाऊन आली आणि भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, "आमच्या वर्गातली एक विमल होती. लग्न होऊन गेली ती फारशी कुणाला दिसलीच नाही. तिची आई भेटली आज. म्हणाली, तुम्ही इटलीला जाताय तर विमलसाठी पुरणपोळ्या न्या. व्हेनिसला."

मी म्हटलं, जमणार नाही. सगळं ठरलंय. मग उगाच माणुसकी म्हणून विचारलं, "तिचा नवरा काय करतो?"

"सिमेंटचा व्यापार."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. व्हेनिस! अख्खं गाव पाण्यात! घराघरांच्या भिंतींना ओल! तिथे सिमेंटचा व्यापारी म्हणजे केवढा मोठा माणूस असणार! आणि वॉटरप्रूफिंगची पावडर तर माझ्याकडे पोत्याने पडलेली. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि माणूस कसा आहे, धंदा कसा आहे, सगळं खोदून खोदून विचारलं. धंदा जोरात आहे, म्हणाली. मनाने वाईट नाही, पण स्वतःचंच घोडं पुढे दामटतो. बायको काय म्हणते ते ऐकतो, पण कानापर्यंतच.

"असल्या माणसाबरोबर अठरा-वीस वर्षं कशी काढली असतील बिचारीने?" मी कळवळून म्हटलं.

"तेच ना," सुनंदा म्हणाली आणि मेथीची जुडी उचलून आत गेली.

पुरणपोळी तीन दिवसांवर टिकत नाही, म्हणजे व्हेनिस एक नंबरवर. आंब्यांसाठी रोम दोन. मिलान तीन. आणि पिसा? पिसा मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या रबराने खोडलं! लछूशेठ पापडांसाठी भांडायला आले, तेव्हा मी हार्डवेअरवाल्याचं डोकं चालवलं. दोन प्लायचे तुकडे घेतले, मध्ये पापडांची चळत ठेवली आणि चारी कोपऱ्यांना स्क्रू आवळून टाकले. लछूशेठनी त्यावर स्वतः उभं राहून बघितलं, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

मी मात्र एवढ्यावर थांबलो नाही. नवीन व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. 'बदलापूर – व्हेनिस', नावाच्या डावी-उजवीकडे दोन गोण्यांची चित्रं. विमलच्या नवऱ्याला दाखवायला दोन किलो पावडर प्लास्टिकच्या पिशवीत भरून घेतली. पत्ता विचारला तर सुनंदा म्हणाली, पत्ता कशाला, आपण पोचल्या पोचल्या विमल भेटेल. अशी वेळेला धरून चालणारी माणसं मला फार आवडतात, असं मी म्हटल्याचं आठवतं.

विमानतळावर साहेबाने बॅग उघडली. वर हिरवे आंबे, मध्ये स्क्रू मारलेल्या फळ्या, खाली दोन किलो करडी पावडर. साहेबाने माझ्याकडे असं बघितलं, की मला घाम फुटला. ही काय भानगड आहे, असं त्याने विचारताच मी पाण्याचा ग्लास मागवला आणि त्यात पावडर कालवून प्रात्यक्षिकच दिलं. दहा मिनिटांत ग्लासात दगड झाला. चमचाही आतच राहिला. साहेबाने ग्लास उलटा करून बघितला, हात जोडले आणि म्हणाला, जा बाबा तुम्ही. पिशवी मात्र त्याने ठेवून घेतली. पांढऱ्या कपड्यात शिवलेला विमलचा डबा सुनंदाने सगळा वेळ मांडीवर धरून ठेवला होता. विमानात झोपली तरी सोडला नाही.

विमानातून उतरून आगगाडी, आणि आगगाडीतून उतरून स्टेशनच्या बाहेर आलो तर रस्ताच नाही. रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांना लागून थेट पाणी! सुनंदा वरच्याच पायरीवर थबकली. समोरून एक काळी लांब होडी चालली होती. मी घाईघाईने केस विंचरले, सफारीच्या खिशात कार्डांचा गठ्ठा ठेवला, शिवलेला डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि विमलची वाट बघत उभा राहिलो.

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. काळ्या केसांची कुठलीही बाई दिसली, की मी डबा पुढे करून "विमल?" असं विचारायचो. पहिलीने मान हलवली, दुसरी पळाली, तिसरीने माझ्या हातावर नाणं ठेवलं. एका नावाड्याला मी हातवारे करून भिंत, ओल, सिमेंट असं सगळं समजावलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मला संडासाचा रस्ता दाखवला. तासाभराने माझा पारा चढला.

"ही कसली गं तुझी मैत्रीण? परक्या मुलखात माणसाला असं ताटकळत ठेवतात? आणि तो नवरा! एवढा मोठा व्यापारी, त्याला जरा तरी अक्कल नको?"

"नाही हो त्याला," सुनंदा म्हणाली. ती खालच्या पायरीवर, पाण्याजवळ जाऊन बसली होती. "डबा द्या इकडं."

तिने पिन काढून शिवण उसवली. कपडा बाजूला झाला आणि आतून पत्र्याचा जुना डबा निघाला. झाकणावर पाण्यातली घरं, काळी लांब होडी, होडीत टोपीवाला नावाडी. तिने झाकण समोर धरलं, एकदा झाकणाकडे आणि एकदा समोर बघितलं. मग पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"अगं, दुसऱ्याचं आहे ते! विमलला काय सांगशील?"

"विमलच खातेय." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुम्ही तांदळावर सुनंदा लिहिलंत ना, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत माझं नाव विमल होतं. पत्रिकेवर छापलं होतं तुमच्या."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. विमल! खरंच की! घरात माझी आई तिला सुनंदा म्हणायची, तिची आई नुसतं 'बाय' म्हणायची, आणि मी बहुतेक वेळा 'अगं' म्हणायचो. मग एकेक गोष्ट उलगडत गेली. वर्गातली विमल. विमलची आई. लग्न होऊन गेली ती कुणाला दिसलीच नाही. बाई एक शब्दही खोटा बोलली नव्हती. आणि विमलच्या त्या नवऱ्याला मी गेला महिनाभर जी जी नावं ठेवली होती, ती सगळी रांगेने माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला खूप लाज वाटली. खरं सांगतो, रडूच यायच्या बेतात होतं.

"सरळ सांगायचंस ना," मी म्हटलं.

"सरळच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तिथे आपलं काय काम?" असं म्हणून तिने अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली. पोळी तिसऱ्या दिवशीही मऊ होती.

मग आम्ही दोघं होडीत बसलो. झाकण तिने मांडीवर ठेवलं होतं आणि प्रत्येक वळणावर ती ते समोर धरून चित्रातलं घर शोधत होती. मी तिला दोनदा विमल म्हणून हाक मारून बघितली. पहिल्यांदा ती लाजली, दुसऱ्यांदा म्हणाली, "पुरे आता, लोक बघतात." चित्रातलं घर सापडलं नाही, पण तीन दिवस आम्ही ते शोधत हिंडलो, आणि त्या तीन दिवसांत मी पिसाचं नाव काढलं नाही. (एकदा काढलं. एक घंटाघर जरा कललेलं दिसलं म्हणून. तिथे फोटो काढून दिला तिने.)

पुढचं सगळं गणिताप्रमाणे झालं. आंबे रोमला पाचव्या दिवशी पिकले आणि मावशीने आमच्यासमोरच तीन खाल्ले. मिलानला पापड अख्खे पोचले, फक्त स्क्रू काढायला स्क्रू ड्रायव्हर मिळेना म्हणून मुलीकडची माणसं संध्याकाळपर्यंत फळ्यांकडे बघत बसली. रिश्ता टिकला.

परत आल्यावर लछूशेठ पेढे घेऊन दुकानात आले. व्हेनिसच्या व्यापाऱ्याची बातमी मी निघण्याआधीच अख्ख्या उल्हासनगरला दिलेली होती.

"वो सिमेंटवाला पार्टी मिला क्या, साईं?" त्यांनी विचारलं.

मी मागे बघितलं. विमल, म्हणजे सुनंदा, स्टुलावर बसून 'बदलापूर – व्हेनिस'च्या कार्डांच्या कोऱ्या बाजूला वाणसामान लिहीत होती. तिने मान वर केली नाही, पण पेन थांबलं होतं.

"मिला," मी म्हटलं. "आदमी अच्छा है. बस, दिमाग में थोडा सिमेंट जम गया है."

लछूशेठनी एक पेढा मला दिला, एक तिला दिला आणि माझी पाठ थोपटली. "तो फिर घूमने की क्या जरूरत थी, साईं? ऐसा पार्टी तो इधर बदलापूर में बैठा है."