जुना नंबर

आमच्या मसाल्याचा फ्लेक्स चौकात चढला आणि मला घाम फुटला. जाहिरात मीच केलेली, पण खाली छापलेला फोन नंबर जुना, दोन वर्षांपूर्वी बदललेला. धावत ऑफिसात आलो, तर कारभार सांभाळणाऱ्या शिंदेबाई त्याच जुन्या फोनवर ऑर्डर लिहून घेत होत्या.

"हा नंबर बंद केला ना आपण?"

"लोकांच्या घरी जुने डबे आहेत, त्यांवर हाच छापलाय. मी चालूच ठेवला."

मी हुश्श करून बसलो. जाहिरातीतून गिऱ्हाइकांना हाका मारायचं काम माझं. तोच धंदा, असं मला वाटायचं. ओ द्यायला मागे कुणी थांबलेलं असतं, त्यालाच प्रशासन म्हणत असावेत.

फोन पुन्हा वाजला. फ्लेक्सचंच गिऱ्हाईक म्हणून मी ऐटीत उचलला.

"मसाला संपलाय हो," पलीकडून एक बाई म्हणाली, "डब्यावर तुमचा नंबर दिसला."