नाकेदारभाऊंचा दहावा गृहपाठ

जगाच्या पाठीवर ऑनलाइन गृहपाठाला चपला काढून बसणारा माणूस एकच झाला, आणि तो माझा वर्गमित्र होता. वय एकोणसाठ. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्ही सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरंपोरी, आणि पहिल्या बाकावर खाकी पँट, पांढरा शर्ट घालून ताठ बसलेले नाकेदारभाऊ. आमच्याकडे फॉरेस्ट गार्डला नाकेदार म्हणतात. एटापल्लीच्या आतल्या जंगलात चौतीस वर्षं नाकेदारी करून ते रिटायर झाले आणि पुढच्याच जूनमध्ये तालुक्याच्या आमच्या कॉलेजात नाव घालून मोकळे झाले. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा सर आले समजून आम्ही उभे राहिलो. आम्ही उभे आहोत हे पाहून तेही उभेच राहिले. खरे सर येईपर्यंत पाच मिनिटं सगळा वर्ग एकमेकांना मान देत उभा होता.

"भाऊ, या वयात काऊन हा ताप डोक्याले?" असं मी एकदा विचारलं. माझं तोंड तेव्हाही असंच होतं. ते म्हणाले, "नोकरी झाली, दोन्ही पोरींचे लग्न झाले, घरावर कवेलू चढले. गणित तेवढं राह्यलं." तरुणपणी ते बी.एस्सी.ला होते. गणितात नापास झाले, त्याच महिन्यात नोकरीचा कागद आला आणि ते जंगलात गेले. माणसाचं जमिनीचं राहतं, कोर्टाचं राहतं, पण राहिलेलं गणित चौतीस वर्षं मनात बाळगून फिरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता गंमत अशी, की भाऊ गणिताशी दोन हात करायला आले आणि त्याच वर्षी कॉलेजनं गृहपाठ वहीतून काढून मोबाईलवर टाकला. वर्षाला दहा गृहपाठ. प्रत्येकात दहा प्रश्न. ठरलेल्या दिवशी चार वाजता ती सिस्टिम बंद व्हायची, मग देव जरी आला तरी उघडत नसे. एका प्रश्नाला तीन संधी. उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण, चुकलं की लाल. सगळ्यांत वाईट म्हणजे प्रश्न तोच, पण आकडे प्रत्येकाला वेगळे. नकलेचा धंदाच बसला! पोरं चिडली, सरांकडे तक्रार घेऊन गेली. नाकेदारभाऊ मात्र खूश. म्हणाले, "दोन सागाचे झाडं सारखे नसतेत, मंग दोन जनांचे गणितं सारखे काऊन असतीन?"

भाऊंनी त्या सिस्टिमला पहिल्या दिवसापासून फॉरेस्टचं रजिस्टर मानलं. रजिस्टरात खाडाखोड करायची नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम. म्हणून तीन संधी असल्या तरी ते एकच वापरत. आम्ही पहिली संधी अंदाजावर, दुसरी नशिबावर आणि तिसरी भाऊंना विचारून घालवायचो. भाऊ एकेक प्रश्न तीन-तीन दिवस वहीत सोडवत आणि खात्री पटली की चपला काढून, उजव्या हाताच्या एका बोटानं उत्तर भरत. लाल खूण आली तर "चूक तं चूक. लिहिलं ते लिहिलं" म्हणून पुढं जात. दोन संधी तशाच पडून राहिलेल्या पाहून माझा जीव तुटायचा. पासवर्ड त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहून ठेवला होता. "भाऊ, हा लपवायचा असतो," असं म्हटलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या रजिस्टराले हात लावंन असा माणूस असते का कुठी?"

नवा धडा सुरू करायच्या आधी ते वहीच्या पहिल्या पानावर चार दाणे तांदूळ ठेवायचे आणि डोळे मिटायचे. त्यांच्या गावात आंब्याचं पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय कुणी आंबा तोंडात घालत नाही. आम्ही पोरी मागच्या बाकावर कैऱ्या तिखटमीठ लावून मचामचा खात असताना ते तोंड फिरवून बसत. "नवी गोष्ट आधी विचारून घ्याव," म्हणत, "मंग आंबा असो का इंटिग्रेशन."

आणि त्या लाकडाच्या गणितानं तर कहरच केला. प्रश्न साधा होता: गोल ओंडक्याचा घेर दिला आहे, लांबी दिली आहे, घनफळ काढा. भाऊ हसले. आयुष्यभर ते हेच करत आले होते. फॉरेस्टच्या रीतीप्रमाणे घेराचा चौथा हिस्सा घेतला, त्याचा वर्ग केला, लांबीनं गुणलं आणि ऐटीत उत्तर भरलं. लाल खूण. दुसरा कुणी असता तर सूत्र बघायला धावला असता. भाऊ वही घेऊन थेट सरांकडे गेले. सरांनी पायची (π) किंमत घेऊन नीट करून दाखवलं, की फॉरेस्टच्या हिशोबात पाचव्या हिश्श्याहून जास्त लाकूड कमी भरतं. भाऊ शांतपणे म्हणाले, "सर, तेवढं सालपटात आन् तासण्यात जाते. तुमची सिस्टिम कधी आरागिरणीवर गेली हाये का?" त्या दिवसापासून घनफळाच्या प्रत्येक गणिताखाली भाऊ वहीत दोन उत्तरं लिहू लागले, एकावर 'सिस्टिमचे' आणि दुसऱ्यावर 'खरे'.

सिस्टिमच्या पानाच्या तळाशी एक चौकोन होता: शिक्षकांना काही कळवायचे असल्यास येथे लिहा. आम्ही तो कधी पाहिलाही नाही. भाऊ दर खेपेला त्यात काहीतरी टाईप करत बसलेले असत. "काय लिहून राह्यले, भाऊ?" म्हटलं की म्हणत, "दिवसाची नोंद. काम केलं का नोंद करा लागते." त्यांच्या जंगलातल्या रजिस्टरात त्यांनी चौतीस वर्षं रोज नोंद केली होती. साहेब तपासायला आले की नोंदीखाली 'पाहिले' असं लिहून सही करायचे. पण भाऊंचं बीट, म्हणजे राखायचा टापू, इतकं आत, की साहेब तिथवर पोचायचेच नाहीत. सगळ्या नोकरीत त्यांना अकरा वेळा 'पाहिले' मिळालं होतं, आणि त्या अकराही तारखा त्यांना पाठ होत्या.

गृहपाठ भरायला आम्ही टेकडीवर जायचो. गावात सकाळी रेंज असली तर दुपारी नसायची, कॉलेजच्या लॅबमधले कॉम्प्युटर सुरू होता होता तास संपायचा. "जिथी वायरलेस पकडे, तिथी मोबाईल बी पकडन," म्हणत भाऊंनीच ती मोहाच्या झाडाखालची जागा शोधून काढली. पुढे भाऊ, मागे आम्ही एका रांगेत, बोलायचं नाही, वाळक्या पाल्यावर पाय घासायचा नाही. खाली सडकेवरून सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक लाल धूळ उडवत जायचे आणि वर आम्ही अठ्ठावीस जणं मोबाईल उंच धरून बसलेलो. खरं सांगते, गणितात मला पुढं जे काही आलं ते त्या मोहाखाली आलं.

आता मुख्य गोष्ट सांगते. सांगायची टाळत होते. दहाव्या गृहपाठापर्यंत भाऊंची स्थिती अशी होती, की तो भरला आणि निम्मा जरी बरोबर आला तरी ते परीक्षेला बसणार. नाही भरला तर अंतर्गत गुणांत नापास, म्हणजे वर्ष गेलं. सगळ्या वर्गाला हे माहीत होतं. भाऊंनी दहाचे दहा प्रश्न वहीत सोडवून ठेवले होते. टेकडीवर येऊन नुसते भरायचे होते. माझं वेगळंच होतं. मला नागपूरला एम.एस्सी.ला जायचं होतं आणि त्यासाठी गृहपाठांत पैकीच्या पैकी हवे, असं मी उगाच डोक्यात घेऊन बसले होते.

एप्रिलची दुपार. बाकीचे नुकतेच भरून गेले होते. भाऊ आधी सगळ्यांना वाटेला लावून मग स्वतःचं भरायला बसले, आणि मी एका अडलेल्या प्रश्नापायी मागे राहिले. भाऊंनी चपला काढल्या, वही उघडली, आणि तेवढ्यात मान वर केली. पश्चिमेकडे जंगलातून धूर निघत होता. मोहफुलं वेचायला जागा साफ व्हावी म्हणून कुणी झाडाखालचा पाला पेटवतं आणि मग तो हाताबाहेर जातो. भाऊंच्या मोबाईलची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. मी म्हटलं, "माझ्यावरून फोन लावा." ते म्हणाले, "तुहा राहू दे. तू तुहं पूर्ण कर." आणि उरलेली बॅटरी त्यांनी वनखात्याच्या रेंज ऑफिसला धूर कुठून निघतो, वारा कुठला आहे, नाल्याकडून या, हे सांगण्यात घालवली. मोबाईल विझला. घड्याळात पाहून ते म्हणाले, "तीन चाळीस," आणि आग झोडपायला मोहाची एक हिरवी फांदी तोडून, एकोणसाठ वर्षांचा तो माणूस पोरासारखा टेकडी उतरत गेला. ती आता त्यांची हद्द नव्हती, ते आता नाकेदार नव्हते, पण हे त्यांना कोण सांगणार?

वही माझ्या शेजारी उघडी पडली होती. पुठ्ठ्यावर पासवर्ड. दहा उत्तरं सुवाच्य अक्षरात. माझ्या मोबाईलवरून भरायला फार तर दहा मिनिटं लागली असती, आणि वीस होती. हे मला सुचलं नाही असं नाही. तीन पंचेचाळीसला सुचलं. मी स्वतःला म्हटलं, आधी हा प्रश्न होऊ दे. तीन पन्नासला पुन्हा म्हटलं, फक्त एवढी शेवटची संधी. तीन अठ्ठावन्नला माझी हिरवी खूण आली, पैकीच्या पैकी. मग मी धडपडत त्यांची वही ओढली, पासवर्ड टाकला, आणि पहिलं उत्तर भरेपर्यंत पान बंद झालं.

दुसऱ्या दिवशी भाऊ चहाच्या टपरीवर भेटले. भुवया होरपळलेल्या, तळहाताला पट्टी. वणवा विझला होता. मी वही पुढं केली आणि म्हटलं, "भाऊ, मला वेळच नाही मिळाला." ते म्हणाले, "असू दे, पोरी. तुहं झालं ना?" सरांनी पुष्कळ खटपट केली, पण सिस्टिम उघडली नाही. भाऊ नापास झाले, टीसी काढली, सगळ्यांना एकेक पेन दिला आणि गावाला निघून गेले. बसमध्ये चढताना म्हणाले, "येजो पंडुमाले." मी नागपूरला गेले. पंडुमाला मात्र गेले नाही ती गेलेच नाही.

यंदा मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला आले. सर बदलून निघाले होते. जाताना त्यांनी त्या सिस्टिमचा शिक्षकांचा पासवर्ड माझ्या हवाली केला. एका रिकाम्या तासाला मी इकडेतिकडे बघत असताना तळाच्या त्या चौकोनाचं पान उघडलं. बिचाऱ्या सरांना असं पान आहे हेच माहीत नसावं. एकाच विद्यार्थ्याच्या नोंदी, एकही वाचलेली नाही. 'आज टेकडीवर रेंज बरी. प्रश्न ४ चुकला. मान्य.' 'ओंडक्याचे उत्तर सिस्टिमप्रमाणे दिले. खरे वेगळे आहे.' 'आज मोर दिसला. प्रश्न २ बरोबर.' मी एकटीच हसत होते आणि डोळे पुसत होते. शिपाई दारातून डोकावून गेला.

सगळ्यात खालची नोंद दहाव्या गृहपाठाची होती. गृहपाठ बंद झाला तरी तो चौकोन उघडाच राहत असे, हे त्यांनाच ठाऊक. 'वणवा. विझला. गृहपाठ १० राहिला. ३.४० ला खाली उतरलो तेव्हा पोरीकडे वीस मिनिटे होती. वही उघडी होती, पासवर्ड समोर होता, तरी तिने माझ्या नोंदीला हात लावला नाही. शिस्तीची पोरगी आहे. पैकीच्या पैकी मिळाले. नोंद संपली.'

ते खरंच तसं समजले, की सगळं समजून माझ्यासाठी तसं लिहून ठेवलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कितीदा वाचलं तरी कळत नाही. मी वरपासून एकेका नोंदीखाली 'पाहिले' लिहायला लागले. सिस्टिमनं सांगितलं, हा विद्यार्थी आता नोंदणीत नाही, संदेश पोचणार नाही. म्हणून मग सगळ्या नोंदी छापून घेतल्या. एकोणतीस पानं झाली. अठ्ठावीस पानांवर पेनानं 'पाहिले' लिहून सही केली आहे, भाऊंनीच दिलेल्या पेनानं. शेवटच्या पानावर, त्या दहाव्या गृहपाठाच्या नोंदीखाली, सही केलेली नाही.

टेकडीवरचा मोह यंदाही फुलला. वर्गातल्या पोरी मागच्या बाकावर कैऱ्या खातात, मी बघून न बघितल्यासारखं करते. मला दिल्या तरी घेत नाही. येत्या पंडुमाला गावाकडची बस धरायची आहे. भाऊंच्या अंगणात चपला काढायच्या, शेवटचं पान त्यांच्यापुढं ठेवायचं, आणि म्हणायचं, भाऊ, ही नोंद चुकली आहे. मला वेळ मिळाला होता. पहिला आंबा त्यानंतर त्यांनी दिला तर खाईन.