चार पायांवरचा रंगनाथ

दिगंबरकाकांना रंगनाथ नीटसा कधी कळलाच नाही. त्याचं आडनाव त्यांनी पहिल्यांदा वाचलं ते पोलिसांच्या कागदावर. तो चहात साखर किती घेतो, हेही त्यांना सांगता आलं नसतं. मात्र तो चार पायांवर कसा चालतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचं असं होतं. वाघोलीच्या पलीकडे बंद पडलेल्या दगडखाणींत तरसं राहतात. त्यांची मोजदाद करायला एका छोट्या संस्थेनं तिथल्या झाडाझुडपांना कॅमेरे बांधले होते. समोर काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. कॅमेरे बांधायचे, त्यांतली फोटोंची कार्डं काढून स्वारगेटजवळच्या ऑफिसात आणून द्यायची, हे रंगनाथचं काम. ते फोटो वेगळे करायला दिगंबरकाका बसायचे, निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून. कॅमेरा योग्य उंचीवर बसलाय का, हे तपासायला बांधणाऱ्यानं जनावरासारखं त्याच्यासमोरून रांगत जायचं, अशी पद्धत. म्हणून प्रत्येक कार्डाच्या सुरुवातीला रंगनाथ रांगत यायचा. मान खाली, खांदे वर, अगदी तरसासारखा. डाव्या हाताला दोन बोटं कमी. माणसांचे फोटो आधी पुसायचे, असा नियम होता. काका पुसायचे.

ती बोटं याच खाणीत गेली होती. तरणा असताना रंगनाथ तिथे सुरुंग लावायचा. एक सुरुंग उशिरा फुटला. याची बोटं गेली. शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या भावाला पोत्यात गोळा करून आणावं लागलं. हे त्यानं एकदा भजी खाता खाता सांगितलं. काकांच्या हातातलं भजं हातातच राहिलं.

उरलेले फोटोही काही डोळ्यांना गारवा देणारे नसायचे. भटक्या कुत्र्यांनी जिवंत फाडलेलं हरणाचं पाडस. फाशात अडकलेला स्वतःचाच पाय कुरतडणारा कोल्हा. डंपरनं कंबर मोडल्यावर पुढच्या दोन पायांवर धड ओढत नेणारं तरस. काका चष्मा काढून खिडकीकडे बघत बसायचे. संस्था चालवणारी मुलगी, कादंबरी, काकांच्या नातीच्या वयाची, म्हणायची, "काका, तुम्हाला फुलपाखरांच्या प्रोजेक्टवर टाकू का? तिथं कोणी कोणाला खात नाही."

गेल्या हिवाळ्यात वाघोलीत सगळ्यांच्या मोबाइलवर बिबट्याचा एक व्हिडिओ फिरला. बिबट्या कुठला, गाव कुठलं, कोणी विचारलं नाही. दोन दिवसांनी खाणीशेजारच्या विक्रमच्या गोठ्यात कालवड मेलेली सापडली. पोट फाडलेलं, आतडी दावणीपर्यंत ओढलेली. रंगनाथच्या कॅमेऱ्यात गोठ्यातून बाहेर पडणारी कुत्री आली होती, तोंडं लाल. तो फोटो घेऊन तो विक्रमकडे गेला.

"शेठ, बिबट्या न्हाई. कुत्री हायती ही."

"तुझ्या फोटोचं लोणचं घाल," विक्रम म्हणाला. "खाणीतली ती जनावरं तूच पाळतोस. त्यांचं बीळ कुठं आहे ते दाखव. डिझेल ओतून पेटवतो."

बीळ होतं. आत तरसाची मादी आणि डोळे नुकते उघडलेली पिल्लं होती. ते नेमकं कुठं आहे, हे ठाऊक होतं एकट्या रंगनाथला. कादंबरीलाही त्यानं बीळ आहे एवढंच सांगितलं होतं, जागा दाखवली नव्हती.

पुढचं सगळं पंचनाम्यात आलं. भर दुपारी खाणीजवळच्या गवतात रंगनाथ जमावाच्या हातून मेला. जमावाकडे काठ्या होत्या, लोखंडी गज होते, एक क्रिकेटची बॅट होती. सगळ्यांनी एकच सांगितलं: गवतात चार पायांवर काहीतरी हललं, आम्हाला बिबट्या वाटला, चूक झाली. ते पटण्यासारखंच होतं. कादंबरी तर भिंतीवर कपाळ आपटत होती. "मीच शिकवलं त्याला रांगायला!" रंगनाथच्या बायकोनं, रुपालीनं, फक्त त्याचं तोंड पाहायला मागितलं. दाखवण्यासारखं तोंड उरलं नव्हतं.

झुडपात बांधलेला कॅमेरा पोलिसांना दिसला नव्हता. कादंबरीनं तो आणला आणि कार्ड काकांच्या टेबलावर ठेवलं. "माझ्याच्यानं बघवणार नाही, काका."

पहिल्या फोटोत रंगनाथ रांगत आला. सवयीनं काकांचं बोट पुसण्याच्या बटणावर गेलं. थांबलं.

पुढच्या फोटोत त्याच्या कानशिलावर दगड बसला होता. त्यापुढच्यात तो गुडघ्यांवर उठला होता. दोन्ही हात वर, आठ बोटं पसरलेली. समोर विक्रम, हातभर अंतरावर, त्याच्या तोंडाकडे बघत. मग विक्रमच्या मुठीत त्याची कॉलर, दुसरा हात खाणीकडे. मग रंगनाथची मान, नकारार्थी हललेली, म्हणून फोटोत पुसट. मग गज. जबडा एका बाजूला गेला. मग पुन्हा खाणीकडे हात, पुन्हा पुसट मान. मग बॅट. पुढे काचेवर रक्त उडालं होतं, त्यातूनही कळत होतं की कोणी घाईत नव्हतं.

शेवटच्या फोटोत अंधार पडला होता. तरसाची मादी तोंडात पिल्लू धरून त्या रक्तानं काळ्या झालेल्या मातीवरून चालली होती.

रांगेत कोणी पुढे घुसलं तरी दिगंबरकाका आयुष्यात कधी बोलले नव्हते. ते रिक्षा करून पोलीस ठाण्यात गेले. "म्हणजे, मला असं वाटतं की..." त्यांनी सुरुवात केली.

"आजोबा, मोठ्यानं बोला," फौजदार म्हणाले.

"चूक नव्हती ती," काका इतक्या मोठ्यानं म्हणाले की बाकावरची माणसं वळली. "ओळखून मारलाय त्याला. घ्या, बघा." त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. जबाबावर सही करून, बाकावर बसलेल्या विक्रमच्या माणसांसमोरून ते बाहेर आले.

रंगनाथशी त्यांचं शेवटचं बोलणं झालं होतं ते ऑफिसच्या जिन्यात. तो उतरत होता, काका दम खात चढत होते.

"काका, ते माझे रांगतानाचे फोटो पुसताय न्हवं?"

"पुसतो हो. नियमच आहे."

"पुसा. माझी पोरगी बगंल तर हसत सुटंल."

"बस चुकेल तुमची."

"येतो, काका."

"या."